कोट्याचं माप

'कोटा' म्हटलं की माझ्या वयाच्या माणसांना रेशनची साखर आठवते. माणशी इतकी, बस्स! श्रीमंत देश गरीब देशांच्या कपड्यांनाही असंच माप लावायचे, हे मला निवृत्तीनंतर पेपर सावकाश वाचायला लागले तेव्हा कळलं.

१९७४ पासून त्याचा रीतसर आंतरराष्ट्रीय करारच होता. कोणी किती शर्ट, किती पँटी पाठवायच्या हे देशादेशांत बोलणी करून ठरायचं. आपल्यालाही ते माप होतं. १९९५ पासून दहा वर्षांत हे कोटे उठवायचे ठरले, आणि १ जानेवारी २००५ ला ते उठले.

मग चीनचा माल युरोपात लोटला. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगालचे कारखानदार ओरडू लागले. १० जून २००५ ला शांघायमध्ये युरोपचे व्यापार आयुक्त पीटर मँडेलसन आणि चीनचे वाणिज्यमंत्री बो शिलाई यांनी तोड काढली. दहा प्रकारच्या मालाची वाढ २००७ अखेरपर्यंत वर्षाला ८ ते १२.५ टक्केच ठेवायची.

पण दुकानदारांनी ऑर्डरी आधीच देऊन ठेवलेल्या! काही आठवड्यांतच स्वेटरचं माप भरलं. साडेसात-आठ कोटी कपडे बंदरांत अडकले आणि हिवाळा तोंडावर... आता ओरडायची पाळी जर्मनी, स्वीडन, डेन्मार्कची. ५ सप्टेंबरला बीजिंगमध्ये पुन्हा बैठक झाली. निम्मा माल कोट्यात न धरता सोडायचा, उरलेला पुढच्या वर्षाच्या किंवा दुसऱ्या प्रकारच्या कोट्यातून वळता करायचा.

म्हणजे बघा, भांडण नुसतं युरोप आणि चीनचं नव्हतंच. युरोपातला विणणारा आणि युरोपातलाच विकणारा, यांचंही ते होतं.

आम्ही गिरणगावातले. आमचा दादा गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर त्याला परत कामावर घेतलं नाही, मग त्याने भाजीची गाडी लावली. त्यामुळे 'आमचं काम वाचवा' म्हणणाऱ्या पोर्तुगीज कामगाराला मी हसू शकत नाही. पण बंदरात अडकलेल्या त्या खोक्यांत चीनमधल्या एखाद्या पोरीची मजुरीही होतीच की! वाटाघाटींच्या टेबलावर या दोघांनाही खुर्ची नव्हती.

आणि कोट्याने काम टिकतं म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. माप भरलेल्या कोरियाच्या कंपन्या पूर्वीच बांगलादेशाकडे वळल्या होत्या, कारण तिथे माप लागलेलं नव्हतं. तिथला मोठा कपडेधंदा उभा राहण्यामागे हेही एक कारण आहे. पाणी अडवलं की दुसरीकडून वाट काढतं, तसंच. चीनवरचे हे कोटेही २००७ संपताना गेले.

मला वाटतं, कोटा काम देत नाही, फक्त वेळ देतो. त्या दोन-तीन वर्षांत कामगाराला दुसरं काही शिकवलं, त्याच्या हाताला दुसरं काम लावून दिलं, तरच त्या वेळेचा उपयोग. दादाला तेवढाही वेळ कोणी दिला नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.