संपणारा खेळ

जुन्या वस्तूंना पुन्हां दिवस येतात, हें आमच्या वाचकांस कांहीं नवें नाहीं. माळ्यावर टाकलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं पुन्हां दिवाणखान्यांत येऊन बसलीं, नऊवारी पुन्हां समारंभांत मिरवूं लागली. परंतु जिचें आयुष्यच मुळीं पांचदहा वर्षांचें समजलें जातें, नवी आली कीं जी जुनी कवडीमोल होते, अशी वस्तुहि पुन्हां मान मिळवील असें कोणीं सांगितलें असतें, तर आमचा विश्वास बसला नसता. ती वस्तु म्हणजे संगणकावरील बंदुकीचे जुने खेळ.

ज्या घरांत मुलें आहेत तेथें 'शूटर' हा शब्द ठाऊक असतोच. तरी वडीलधाऱ्या मंडळींसाठीं थोडा खुलासा करतों. ह्या खेळांत पडद्यावर नायक दिसत नाहीं. खेळणाऱ्याचे डोळे तेच नायकाचे डोळे. खालच्या कडेस हातांतली बंदूक तेवढी दिसते, आणि समोर बोळ, दरवाजे, जिने व त्यांतून अंगावर येणारे शत्रु. १९९२ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर ह्या लहानशा कंपनीनें 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' काढला, आणि १० डिसेंबर १९९३ रोजीं तिचाच 'डूम' बाहेर पडला. त्याचा पहिला खंड फुकट होता. ज्यास गोडी लागेल त्यानें पैसे भरून पुढचे खंड घ्यावे, अशी योजना. पूर्वीं पोथी जशी एकाकडून दुसऱ्याकडे उतरून घेतली जाई, तसा हा खेळ फ्लॉपीवरून घरोघर उतरला. १९९६ सालीं 'क्वेक' आला. पुढील दहाबारा वर्षांत अशा खेळांचा थाटमाट इतका वाढला कीं, हे पहिले खेळ पुराणवस्तुसंग्रहांत ठेवण्याजोगे वाटूं लागले.

आमच्या कर्जतच्या घरांत 'डूम' आला तो लोकलनें. आमचे धाकटे बंधु तेव्हां मुंबईस नोकरीला जात. कचेरींतील एका स्नेह्याकडून त्यांनीं फ्लॉपी मिळविल्या आणि संध्याकाळच्या गाडीनें शर्टाच्या खिशांतून घरीं आणल्या. वीज असेल आणि वडील घरीं नसतील तेव्हां आम्ही दोघे खेळत असूं. पुढें संसार आले, मुलें झालीं, तो संगणकहि भंगारांत गेला. ह्या गोष्टीला इतकीं वर्षें लोटल्यावर, बंधूंचा मुलगा, जो त्या खेळानंतर पंधरा वर्षांनीं जन्मला, तसलेच बोळ आणि तसलेच चौकोनी ठिपक्यांचे राक्षस पडद्यावर आणून बसलेला दिसला, तेव्हां आम्हांस नवल वाटलें.

"अरे, हें तर तुझ्या बाबांच्या वेळचें!" आम्ही म्हणालों.

"नाहीं काका, हा नवा आहे. मुद्दाम जुन्यासारखा केलाय," तो म्हणाला.

चौकशी केली तेव्हां कळलें कीं, ही एकट्यादुकट्याची हौस नसून जगभर पसरलेला संप्रदाय आहे. २०१८ च्या डिसेंबरांत 'डस्क' नांवाचा खेळ आला. तो मुख्यतः एका माणसाच्या हातचा. २०१९ सालीं 'आयन फ्युरी' निघाला, तो तर १९९६ च्या 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'ला चालविणाऱ्या यंत्रणेवरच बांधलेला. २०२३ मध्यें पूर्ण झालेल्या 'ह्रोट' ह्या खेळाच्या एकट्या कर्त्यानें १९८६ च्या समाजवादी चेकोस्लोव्हाकियाचें, म्हणजे आपल्याच देशाचें जुनें रूप त्यांत उभें केलें आहे. ह्या सर्वांस थट्टेनें 'बूमर शूटर', म्हणजे म्हाताऱ्यांचे शूटर, म्हणतात. परंतु आमचा पुतण्या म्हातारा नाहीं. तेव्हां केवळ गतस्मृतीनें ह्या आवडीचा उलगडा होत नाहीं. जें त्यानें कधीं अनुभविलेंच नाहीं त्याची आठवण त्याला कोठून येणार?

उलगडा त्या खेळांच्या घडणींतच आहे. 'डूम'चा पडदा आडवे ३२० व उभे २०० ठिपक्यांचा, रंग एकंदर २५६. त्यांतील वाडा हा वस्तुतः कागदावर काढावा तसा सपाट नकाशा. प्रत्येक दालनाला जमिनीची एक उंची व छताची एक उंची दिलेली. म्हणून एका खोलीवर दुसरी खोली त्यांत चढवितां येत नाहीं. राक्षसांपैकीं कांहीं चक्क मातीचे घडवून, त्यांचीं निरनिराळ्या बाजूंनीं चित्रें घेऊन बनविलेले. आणि बंदुका पाहाव्या तर त्यांतील कांहीं खेळण्यांच्या दुकानांतल्या!

येथें आमच्या वाचकांस दिवाळींतला किल्ला आठवल्यावांचून राहणार नाहीं. दगडगोटे, पोतें, चिखल, वर पेरलेले अळीव, आणि दरवाजापेक्षां उंच असलेले मातीचे मावळे. मापाला कांहीं मेळ नाहीं. पण पाहणाऱ्या मुलास तो संपूर्ण रायगड दिसतो. वस्तूंत जें उणें असतें तें मुलाची कल्पना भरून काढते, आणि भरून काढण्याचें हें कामच खऱ्या खेळाचें सुख आहे. पुढल्या खेळांनीं झाडाचें पान न् पान रंगवून दिलें, तेव्हां डोळे तृप्त झाले, पण कल्पनेस कांहीं काम उरलें नाहीं.

किल्ल्याशीं दुसरेंहि साम्य आहे. 'डूम'च्या कर्त्यांनीं नकाशे व चित्रें मूळ यंत्रणेपासून मुद्दाम वेगळीं ठेविलीं, जेणेंकरून कोणासहि आपला नकाशा रचून त्यांत घालतां यावा. १९९७ च्या डिसेंबरांत तर त्यांनीं त्या यंत्रणेची लिखित संहिताच लोकांस खुली करून दिली. गुरूनें विद्या झांकून न ठेवतां शिष्यांपुढें उकलून ठेवावी, तसें हें झालें. तेव्हांपासून जगांतील हौशी मंडळी वर्षानुवर्षें नवे वाडे बांधीत आली आहेत. मूळ कर्त्यांपैकीं जॉन रोमेरो यांनीं स्वतः २०१९ सालीं त्याच खेळासाठीं नवा खंड रचून फुकट दिला. म्हणून, हा खेळ मेला होता व पुन्हां जिवंत झाला, असें म्हणणें तितकेसें बरोबर नाहीं. अंगणांतला किल्ला दरसाल मोडतो आणि दरसाल उभा राहतो, तसा तो चालत आला होता; जगाचें लक्ष मात्र आतां गेलें.

आमच्या पुतण्यानेंहि असा एक नकाशा आरंभिला आहे, तो आमच्या तालुक्यांतील कोथळीगडाचा. ज्यांनीं पेठ गांवावरून हा गड चढला असेल त्यांना ठाऊक आहे कीं, तेथें कोरीव खांबांची गुहा आहे, आणि सुळक्याच्या पोटांतून कोरलेला जिना माथ्यावर नेतो. आतां 'डूम'च्या सपाट नकाशांत जिन्यास स्वतःच्याच पायऱ्यांवरून वळून जातां येत नाहीं. ह्या अडचणीसाठीं तो आठ दिवस कागदावर रेघोट्या ओढीत होता, आणि अखेरीस माप घेण्यासाठीं पुन्हां गडावर जाऊन आला. मोबाईल हातीं घेऊन पडून राहणारा हा मुलगा उन्हांतून आंबिवलीहून वर चढून जातो, हें पाहून त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलें. त्याचें कारण सांगितलें पाहिजे.

मागील वर्षीं हा मुलगा मोबाईलवरील एका खेळांत पार बुडाला होता. रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत पांघरुणांत उजेड दिसे. विचारलें तर खोटें सांगे, मोबाईल काढून घेतला तर जेवत नसे. एकदां आजीच्या पेन्शनच्या खात्यांतून खेळांतील पोषाखासाठीं पैसे गेलेले आढळले. एकत्र कुटुंबांत अशी गोष्ट एका आईबापाची राहत नाहीं. सारें घर कुजबुजूं लागतें, आणि मुलगा सर्वांनाच परका होतो. म्हणून नव्या खेळांतली ही बंदूक पाहतांच वहिनींच्या पोटांत गोळा उठला. त्यांनीं प्रकरण आमच्या वडिलांपुढें नेलें. नाना ऐंशीच्या पुढें आहेत. त्यांनीं नातवास जवळ बसवून एकच प्रश्न केला:

"हा खेळ संपतो का रे?"

"संपतो, आजोबा. शेवटला राक्षस मेला कीं संपला."

"मग पैसे पुन्हां मागतात का?"

"नाहीं. एकदां घेतला कीं आपला."

"मग खेळ. पत्त्यांचा डाव संपतो, बुद्धिबळाचा संपतो. जो संपतच नाहीं त्याला आम्ही खेळ म्हणत नाहीं."

नानांच्या ह्या प्रश्नावर आम्हीं मागाहून पुष्कळ विचार केला, आणि सर्व मर्म त्यांतच आहे असें आम्हांस वाटतें. तो मोबाईलवरील खेळ फुकट होता. पण रोज हजेरी लावली तर बक्षीस, न लावली तर तोटा. एक 'सीझन' सरला कीं दुसरा तयार. आणि मध्यें मध्यें घंटा वाजवून बोलावणें. त्याला शेवट नव्हता, कारण शेवट झाला तर मालकाची मिळकत थांबली असती. धर्मराजाच्या द्यूताची हीच कथा आहे. त्याचा दोष तो फांसे खेळला एवढाच नव्हता. सर्वस्व जाईपर्यंत त्याला पटावरून उठतां आलें नाहीं, आणि सुटून वाटेस लागल्यावरहि बोलावणें येतांच तो परत जाऊन बसला. २०२५ च्या ऑगस्टांत आपल्या संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तें योग्यच झालें. परंतु जेथें पणाला पैसा नसून मुलाची झोंप व अभ्यास लागलेला असतो, तेथें घरालाच जागें राहावें लागतें.

जुन्या धर्तीच्या शूटरांत एक युक्ति वारंवार येते. दालनांत पाऊल टाकावें, मागें दार बंद व्हावें, चहूंकडून शत्रु यावे, आणि त्यांचा निकाल लागला कीं पुढचें दार उघडावें. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यांत, उंबरखिंडींत, १६६१ च्या फेब्रुवारींत हेंच प्रत्यक्ष घडलें. कारतलबखानाची फौज अरुंद खिंडींत शिरली आणि शिवाजीमहाराजांनीं दोन्ही तोंडें बंद केलीं. खान शरण आला, जवळचें द्रव्य ठेवून जाण्यास कबूल झाला, तेव्हां महाराजांनीं वाट मोकळी करून दिली. कोंडण्यांत जसें कौशल्य आहे, तसें वेळीं सोडण्यांत शहाणपण आहे. खेळाचेंहि तसेंच: चांगला खेळ कोंडतो आणि सोडतो, वाईट खेळ कोंडूनच ठेवतो.

वहिनींचा दुसरा आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाहीं. "रक्त पाहून पाहून मन निबर होतें," असें त्या म्हणतात. ह्या खेळांत रक्त आहे, आणि नव्यांत जुन्याहून अधिक आहे. जर्मनीनें १९९४ सालीं 'डूम' अल्पवयीनांस अपायकारक खेळांच्या यादींत घातला होता. २०११ मध्यें तो यादींतून काढला, कारण तोंवर त्या ठिपक्यांच्या राक्षसांची भीति कोणास वाटेनाशी झाली होती. काळानें ती धार बोथट केली हें खरें; पण आठ वर्षांच्या मुलास तीच धार नवी असते. म्हणून आमच्या घरीं नियम असा ठरला आहे कीं, हा खेळ ओटीवरच्या संगणकावर, जातायेतां सर्वांस दिसेल असा खेळावा. धाकट्या भावंडांनीं त्या वेळीं तेथें बसूं नये. आणि लेव्हल संपली कीं पानावर यावें. हा नियम रोज पाळला जातो असें नाहीं. "ही एकच लेव्हल, काका," हें वाक्य आम्हांस अजून ऐकावें लागतें. पण लेव्हल संपते, आणि मुलगा उठतो.

ज्या घरांत असा प्रश्न पडला असेल, त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, बंदूक पाहून एखादा खेळ एकदम बंद करूं नये, आणि फुलें, फळें व मिठाया पाहून दुसरा निर्धास्त चालूं देऊं नये. फुलाफळांच्या आड न संपणारे खेळ पुष्कळ आहेत. अर्धा तास मुलाशेजारीं बसावें आणि नानांचे दोन प्रश्न विचारावे. तिसरा आम्हीं त्यांत जोडला आहे: ह्या खेळांत तुला स्वतः कांहीं बांधतां येतें काय? कोथळीगडाचा जिना अजून पुरा झालेला नाहीं. खालच्या गुहेपर्यंतचें काम मात्र झालें आहे, आणि खांबांवरचें कोरीवकाम कसें दाखवावें ह्याविषयीं सध्यां नातू व आजोबा ह्यांचा वाद चालू आहे.