तव्यावरची माया

माणूस गाव सोडतो तेव्हा वाडा, शेत आणि शेजार मागे राहतात. तवा मात्र त्याच्याबरोबर येतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांना हे निराळे सांगावयास नको. आम्हां हैदराबादकरांच्या जिभेवर उर्दू आली, तेलुगू आली. ताटातली ज्वारीची भाकरी तेवढी हलली नाही. त्याच भाकरीच्या तव्यावर यंदा आमच्या घरी एक तुर्की पाहुणी येऊन बसली. तिचे नाव ‘बाझलामा’.

तिला आणले आमच्या कन्येने. कन्या बर्लिनला असते आणि तिच्या शेजारी एक तुर्की आजी राहतात. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी करार करून तेथून कामगार बोलावले. त्यांनी काही वर्षे राबून परत जावे, अशी अपेक्षा होती. पुष्कळजण तेथेच राहिले आणि आता त्यांची तिसरी-चौथी पिढी वाढत आहे. शेजारच्या आजी त्यांतल्याच. त्यांची नातवंडे दिवसभर जर्मन बोलतात; आजीच्या परातीपाशी आली की मात्र तुर्की बोलू लागतात, असे कन्येने सांगितले. हे ऐकून आम्ही कान टवकारले. कारण आमची आठ वर्षांची नात दूरध्वनीवर आमच्या मराठी प्रश्नाचे उत्तर जर्मनमध्ये देते.

बाझलामाची कृती सोपी आहे. अर्धा किलो मैद्यात दोन चहाचे चमचे यीस्ट, एक चमचा साखर, दीड चमचा मीठ, एक वाटी ताजे दही आणि दोन मोठे चमचे तेल घालावे. कोमट पाणी थोडेथोडे घालीत पोळीच्या कणकेहून सैल भिजवावे व दहा मिनिटे चांगले मळावे. ओल्या फडक्याखाली तास-दीड तास ठेवले की पीठ दुप्पट फुगते. त्याचे आठ गोळे करून पंधरा मिनिटे विसावू द्यावेत. मग प्रत्येक गोळा करंगळीहून किंचित कमी जाडीचा लाटावा. बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवून, तेल न लावता, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे भाजावा. तव्यावरून उतरताच स्वच्छ पंचात गुंडाळावा. मऊपणाचे मर्म या पंचातच आहे. कोंडलेली वाफ वरचा कडक पापुद्रा मऊ करते.

गव्हाचे पीठ मळले की त्यात चिवट जाळे तयार होते. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. दह्यातील आंबटपणा व स्निग्धता त्याचा चिवटपणा कमी करतात. ज्वारीत हे जाळेच नाही, म्हणून आपण गरम पाण्यात पीठ मळून भाकरी थापतो.

अनातोलियाच्या खेड्यांत बाझलामा ‘साज’ नावाच्या लोखंडी पत्र्यावर भाजतात. तेथली ‘युफ्का’ नावाची पातळ पोळी तर शेजारणी जमून लाटतात, वाळवून ठेवतात आणि हिवाळ्यात पाणी शिंपडून मऊ करून खातात. आपल्या उन्हाळ्यातल्या शेवया-पापडांची रीत याहून निराळी नाही. अशा पातळ पोळ्या करून वाटून खाण्याच्या परंपरेची नोंद २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांचा तो सामाईक वारसा. भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर तुर्क माणूस तो उचलून ओठांना व कपाळाला लावतो. अन्नाला पाय लागताच हात जोडणाऱ्या आपल्या घरांना हे परके वाटू नये.

तळणीच्या पसरट भांड्याला तुर्कीत ‘तावा’ म्हणतात आणि यीस्टला म्हणतात ‘माया’! या मायेचा आपल्या मायेशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही, हे मराठीचा शिक्षक या नात्याने आम्ही तत्काळ स्पष्ट केले. आमच्या व्युत्पत्तीकडे कोणी लक्ष दिले नाही. नात परातीपाशी बसून राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “आजोबा, माया अजून किती वेळ फुगणार?”

त्या दुपारी परात, लाटणे, उलथणे, पापुद्रा असे शब्द तिच्या तोंडी एकामागून एक आले. बर्लिनला परतल्यावर त्यांतले किती टिकतील, कोण सांगणार? मराठीचे ग्रंथ आमच्या कपाटात पुष्कळ आहेत. ते वाचणारे घरात आमच्यामागून कोणी असेल का, हा विचार अलीकडे आम्हांस झोपू देत नाही.

यीस्टची पुडी मिळत नव्हती तेव्हा आदल्या पिठाचा एक गोळा राखून तो दुसऱ्या दिवशीच्या पिठात मिसळीत. आपण विरजणाचे हेच करतो. विरजण चमचाभर पुरते, पण ते रोज लावावे लागते. चार दिवस विसरले की शेजारी वाटी घेऊन जावे लागते. भाषेच्या बाबतीत वाटी घेऊन कोणाकडे जावे? म्हणून परमुलखात नांदणाऱ्या घरांना आमची एकच विनंती आहे. कणीक भाकरीची असो, पोळीची असो वा बाझलामाची असो. ती मळताना मूल जवळ बसवावे आणि त्याच्याशी मराठीत बोलावे.