फिश टँक, यीस्ट आणि मे महिना

या ग्रुपवर बहुतेक जण जुने वाडे, गणपती, सयाजीरावांच्या काळात बडोद्याला आलेले पणजोबा यांच्याविषयी लिहितात. माझ्याकडे आज तसं काही नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या घरातल्या फिश टँकची हकीकत आहे, आणि चूक माझी आहे.

टाकी नातवाची. बारावीनंतर तो पुण्याला होस्टेलात गेला, जाताना म्हणाला, "आजोबा, मासे तुम्ही सांभाळा." दोन फुटी टाकी, त्यात १४ मासे, गप्पी आणि झेब्रा. झाडं खरी लावलेली: व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, थोडी रोटाला. त्यांना कार्बन डायऑक्साइड द्यायची सोयही त्यानेच केलेली. सिलिंडर महाग, म्हणून घरगुती उपाय. कोल्ड्रिंकची २ लिटरची बाटली, तीत कपभर साखर, पाव चमचा यीस्ट आणि कोमट पाणी. झाकणातून नळी, मध्ये एक छोटी रिकामी बाटली (फेस टाकीत उतरू नये म्हणून), शेवटी एअर स्टोन. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं. थंडीत एक बाटली दोन आठवडे सहज चालायची.

डिसेंबर-जानेवारीत सगळं झकास. लाइट लावून तीन-चार तास झाले की पानांवर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चिकटायचे. मी खुर्ची टाकून बघत बसायचो. मग लोभ सुटला. एका बाटलीने एवढं, तर दोनांनी किती? एप्रिलात दुसरी बाटली जोडली. वर पाणी खळबळलं की वायू उडून जातो असं कळलं, म्हणून हवेचा पंपही काढून माळ्यावर टाकला.

मे महिन्यात एकदा पहाटे पाचला उठलो तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. सगळे म्हणजे नऊ. पाच तळाशी पडलेले.

नळी उपसून काढली. पाणी बदलायला भरून ठेवलेल्या दोन बादल्या होत्या, टाकीतलं निम्मं पाणी काढून त्या तांब्याने उंचावरून ओतल्या. माळ्यावर चढून पंप काढला. ही शिडी धरून उभी. तासाभराने नऊही मासे खाली पोहायला लागले.

मग हिला समजावत होतो. झाडं हा वायू उजेडातच घेतात, रात्री तीही आपल्यासारखा ऑक्सिजनच घेतात. यीस्टला बटण नाही, ते रात्रभर चालूच. पाण्यात वायू फार झाला की माशांच्या रक्तातला कल्ल्यांतून बाहेर पडत नाही. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी. पण जानेवारीत झालं नाही ते आत्ताच का?

ती म्हणाली, "अहो, मे महिन्यात ढोकळ्याचं पीठ किती लवकर फुगतं, हे इतकी वर्षं बघताय ना?"

दोन बाटल्या, त्याही दुप्पट वेगाने. मी गप्प.

दुपारी मात्र वेगळाच विचार मनात आला. बाजारातून तसेच पाच मासे आणून सोडावेत, नातवाला काय कळणार? रोखपालाने गल्ल्यातली तूट गुपचूप खिशातून भरावी, तसं. नोकरीत असताना याच गोष्टीसाठी एका मुलाला मी मेमो दिला होता. तूट पाचशेचीही नव्हती, बिचारा रडला होता. पिशवी हातात घेऊन जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

रात्री फोन केला. सगळं सांगितलं, पंपाचंही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, लाइन कट झाली. मग विचारलं, "तो शेपटीवर काळा ठिपका असलेला गप्पी?" तो गेलेल्यांत होता. हो म्हणालो.

"आता रात्री पंप लावता ना, आजोबा?"

लावतो. टायमर आणलाय, लाइट बंद झाला की पंप सुरू. बाटली एकच, यीस्ट निम्मं. आत एक ड्रॉप चेकर लावलाय, त्यातलं पाणी निळं म्हणजे वायू कमी, हिरवं म्हणजे बरोबर, पिवळं म्हणजे धोका. पहाटे उठल्यावर चहाच्या आधी तो बघतो. रोटालाचे शेंडे पूर्वीइतके लाल नाहीत. दिवाळीत तो येणार आहे, नवे मासे त्यालाच निवडू देणार.