धुक्याची दोन कारणं

माझं काम लेव्हल डिझाइनचं. गेममधल्या गल्ल्या, जिने, खोल्या आखायच्या आणि खेळणाऱ्याला कुठून काय दिसेल, काय दिसणार नाही, हे ठरवायचं. भीतीच्या गेममध्ये दुसऱ्या गोष्टीलाच जास्त डोकं लागतं. टीममध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, सिक्वल करताना काय काय वाढवायचं?" उत्तर देत बसण्यापेक्षा मी त्यांना 'सायलेंट हिल'चे पहिले दोन भाग ओळीने खेळायला बसवतो.

पहिला भाग १९९९ सालचा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. हॅरी मेसन नावाचा बाप एका अमेरिकन गावात हरवलेली मुलगी शोधतोय आणि गावात इतकं धुकं, की चार पावलांपलीकडचं दिसत नाही. हे धुकं आलं यंत्राच्या मजबुरीतून. त्याआधीच्या 'रेझिडेंट ईव्हिल'मध्ये मागची दृश्यं म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रं होती. कोनामीच्या या टीमला कॅमेरा फिरता हवा होता, म्हणून अख्खं गाव थ्रीडीत उभं करावं लागलं. यंत्राची मुख्य मेमरी अवघी २ एमबी. लांबच्या इमारती दाखवणं परवडेना, तेव्हा त्या धुक्यात आणि अंधारात बुडवल्या. अडचण झाकायला घातलेलं पांघरूणच गेमची ओळख बनलं.

सुरुवातीची गल्ली बघा. हॅरी मुलीच्या मागे आत शिरतो आणि कॅमेरा कधी डोक्यावर जातो, कधी तिरका होतो. उजवं-डावं कळेनासं होतं. उजेड जातो, हॅरी काडी ओढतो. मग लहान मुलांएवढ्या आकृत्या सुरे घेऊन त्याला घेरतात. तुम्ही कितीही चपळ असा, इथून सुटका नाही. हॅरी पडतो आणि थेट एका कॅफेत जागा होतो. पुढे खिशातला रेडिओ खरखरला की जवळ काहीतरी आहे एवढंच समजतं. कुठे आहे, ते नाही.

दुसरा भाग २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. मेमरी ३२ एमबी, म्हणजे सोळापट. धुक्याची पूर्वीइतकी गरज उरली नव्हती, तरी टीमने ते ठेवलं आणि त्याला नवं कारण दिलं. जेम्स संडरलँडला मेलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधायला गावात येतो. सुरुवात रस्त्याकडेच्या कळकट स्वच्छतागृहात, आरशासमोर. मग झाडीतून खाली उतरणारी लांबच लांब पायवाट. कितीतरी वेळ नुसतं चालायचं. अंगावर कोणी येत नाही. आज कुठल्याही बैठकीत ही वाट पहिली कापली जाईल. पण ती चालून गेल्यावर परत फिरायची इच्छाच मरते.

पिरॅमिड हेड नावाचा राक्षस प्रथम दिसतो तेव्हा तो गजांपलीकडे नुसता उभा असतो. हल्ला नाही, हालचाल नाही. रेडिओ मात्र पेटून उठलेला. पहिल्या भागाने आपल्याला पाडून घाबरवलं, इथे दिग्दर्शक मासाशी त्सुबोयामा आपल्याला बघत ठेवतात.

मूळ फरक इथे आहे. पहिल्या भागातलं दुःस्वप्न अलेस्सा नावाच्या मुलीचं. हॅरी त्यात शिरलेला परका माणूस. जेम्स स्वतःच्याच मनात फिरतोय. लॉरा नावाची पोर त्याच गावात बिनधास्त बागडते, कारण तिला राक्षस दिसतच नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण या गेमने शब्दशः आखून दाखवली आहे.

शेवट कोणता मिळणार, हेही गेम तुम्हाला न विचारता ठरवतो. जखमी अवस्थेत किती वेळ फिरलात, बायकोचा फोटो काढून पाहिलात का, सोबत असलेल्या मारियाला किती जपलंत, याची गुपचूप नोंद होत असते. आपण राक्षसांवर लक्ष ठेवून असतो आणि गेम आपल्यावर.

दोष दोन्हींत आहेत. मारामारी दोन्हीकडे अवघडलेली, आणि पहिल्या भागातलं पंथाचं कथानक शेवटी गुंता करतं. तरी निव्वळ दचकवण्यात पहिलाच सरस. त्यातली शाळा मी आजही एका बैठकीत संपवत नाही. २०१२ च्या एचडी आवृत्तीत दुसऱ्या भागातलं धुकं विरळ झालं आणि तळ्यावरच्या प्रसंगात पाणी जिथे संपतं ती कडाच दिसू लागली. चित्र स्पष्ट झालं, गाव मात्र खोटं वाटू लागलं. २०२४ चा रीमेक देखणा आहे, पण त्यात कॅमेरा सतत जेम्सच्या खांद्यामागे असतो. पुढचं काय लपवायचं हे जुना कॅमेरा ठरवायचा, ती सत्ता गेली.

तेव्हा खेळायचे तर आधी पहिला, मग दुसरा, आणि जुनेच. दुसऱ्यात अँजेला नावाची मुलगी तुमच्या हाती एक सुरा सोपवेल. तो सामानात ठेवा आणि पुन्हा पुन्हा काढून बघू नका. गेम बघतोय.