डावा कान

आमच्या मांडवगण फराट्यात भीमेचं पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून बिबट्या आहे. शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बिबट्या असो वा नसो, दारं धरायला जावंच लागतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी शनिवार-रविवारसाठी खराडीहून घरी आलो होतो. रात्री बाराला लाईट आली, तेव्हा दादांबरोबर मीही निघालो. दादा म्हणजे माझे वडील. ते फावडं घेऊन पाटाच्या कडेला, मी बॅटरी घेऊन मागे बांधावर. दादांच्या उजव्या हाताला ऊस, डाव्या हाताला कांद्याचं मोकळं रान. माझ्या एका कानात इअरबड होता आणि पॉडकास्ट चालू होता.

तेवढ्यात कांद्याच्या रानापलीकडून शेजारचे काका ओरडले, "दादा, हिकडं या, हिकडं! उसात हाय!"

दादांनी मान वर केली आणि ते उजवीकडे, म्हणजे उसाकडे, भराभर चालू लागले.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि मागे ओढलं. उसाचं पाचट सळसळलं, मग शांत झालं. पुढे काहीच झालं नाही. सकाळी सरीतल्या ओल्या मातीत ठसे दिसले. आमच्या शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. त्यामुळे त्या ठशांकडे बघून कुणी हसलं नाही.

चहा पिताना मी विचारलं, "काका डावीकडून ओरडत होते. तुम्ही उसाकडं का चालला होता?"

"मला आवाज उजवीकडनंच आला," दादा म्हणाले. मग कपाकडे बघत म्हणाले, "डावा कान फुटलेला हाय ना माझा. ल्हानपणापासनं. त्याचं काय एवढं."

आवाज कुठून आला हे एकट्या कानाला नीट कळत नाही. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो, उजव्या कानात किंचित उशिरा आणि किंचित हळू. हा उशीर एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो. दादांच्या मेंदूकडे हिशेबाला एकच आकडा येत होता. ज्या कानाला ऐकू येतं त्याच बाजूला माणूस आहे, असं तो धरून चालला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बंद पडलेली सिस्टीम लगेच कळते. अर्धी चालणारी मात्र वर्षानुवर्षं तशीच चालत राहते, कारण तक्रार करायला कुणी येत नाही. दादांचा कान तसाच चालला होता, चाळीस वर्षं.

कान फुटला कसा, ते आजीने सांगितलं. दादा सहा-सात वर्षांचे असताना सर्दी झाली, मग कान ठणकायला लागला. रात्रभर रडले. आजीने तेलात लसणाची पाकळी कढवून ते कोमट तेल कानात सोडलं. पहाटे कानातून पू आला आणि ठणका थांबला. "तेलानं गुण आला," आजी अजूनही सांगते.

पुण्यातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांनी हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि बरीचशी आडवी असते, म्हणून सर्दीचे जंतू सहज कानापर्यंत पोहोचतात. पडद्यामागे पू साठतो, दाब वाढतो, कान ठणकतो. दाब असह्य झाला की पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि दुखणं थांबतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं. खरं तर तिथूनच कानाकडे लक्ष द्यायचं असतं. पुष्कळदा ते छिद्र आपोआप भरतं, पण भरलं की नाही हे डॉक्टरने आत बघितल्याशिवाय कळत नाही. दादांचं भरलं नाही. मग नदीत पोहल्यावर कान वाहायचा, सर्दी झाली की वाहायचा, कापसाचा बोळा घालून शाळेत जायचं. दुखत नव्हतं, म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही. फुटलेल्या पडद्यातून घरचं तेलही आत जातं आणि जंतूंना ओल मिळते, हे तेव्हा आजीला कोण सांगणार होतं?

ऐकण्याच्या तपासणीचा आलेख मी पहिल्यांदाच पाहिला. उजवा कान लाल गोलांनी दाखवतात, डावा निळ्या फुल्यांनी. रेघ जितकी खाली तितका मोठा आवाज लागतो. दादांचे लाल गोल वर होते आणि निळ्या फुल्या बऱ्याच खाली. डॉक्टरांनी सीटी स्कॅनही करायला लावला. काही कानांत पडद्याच्या कडेची कातडी आत वाढत जाते आणि हाड कुरतडते. तेव्हा स्रावाला घाण वास येतो. वाहत्या कानाबरोबर चक्कर, तोंड वाकडं होणं, ताप आणि जोराची डोकेदुखी यातलं काही दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. नशिबाने दादांचं हाड शाबूत होतं.

कान आधी औषधाने कोरडा केला. मग कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली नवा पडदा बसवला. पुढचे काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, जड उचलायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. ऊसवाल्या माणसाला हे सांगणं सोपं नसतं. आईने फावडं कुलपात ठेवलं.

त्या महिन्यात मी आमच्या घराकडेच नव्याने बघू लागलो. बहिणीची मुलगी तोंड उघडं ठेवून झोपायची, घोरायची, टीव्ही मोठा लावायची. शाळेतून तक्रार होती की लक्ष देत नाही. तपासल्यावर तिच्या पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. तिचं लक्ष होतं, तिला ऐकूच कमी येत होतं. भाच्याचा घोळणा फुटला की त्याला आडवं करून कांदा हुंगायला द्यायचे. आता त्याला बसवून पुढे वाकवतात आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरतात. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. आजीचा आवाज महिनाभर बसलेला होता आणि ती मिसरी लावते. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला किंवा तोंडातली जखम भरली नाही, तर घसा आणि तोंड दाखवायचंच. तिचं साधं निघालं. मिसरी मात्र अजून सुटलेली नाही.

आणि मी? बसमध्ये इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून इअरफोनचा आवाज वाढवणारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला हाच कोटा ४ तासांवर येतो. कानातल्या ऐकणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्या मरताना दुखत नाही. मी फोनमध्ये आवाजाला मर्यादा घातली. कान कोरायचे बड्‌स फेकून दिले, कारण मळ स्वतःच बाहेर सरकतो आणि बड त्याला आत ढकलतो. एक गोष्ट फोनमध्ये नोंदवून ठेवली आहे. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर मळ असेल म्हणून थांबायचं नाही. ते तातडीचं असतं, उपचार पहिल्या काही दिवसांतच हवेत.

दादांना आता डावीकडून पूर्ण नाही, पण बरंच ऐकू येतं. मागच्या दिवाळीत आम्ही ट्रॅक्टरवरून येत होतो. मी नेहमीसारखा डाव्या मडगार्डवर बसलो होतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या सत्रात माझा गणिताचा पेपर गेला, तेव्हा याच मडगार्डवर बसून मी दादांना ते सांगितलं होतं. ते काहीच बोलले नव्हते. समोर बघत ट्रॅक्टर चालवत राहिले होते. तो अबोला मी दहा वर्षं सांभाळला. त्यानंतर त्यांना फारसं काही सांगितलंच नाही.

घरी आल्यावर, ट्रॅक्टर बंद झाल्यावर, विचारलं. "मी नापास झालो ते तुम्हाला सांगितलं होतं, आठवतंय?"

"कवा नापास झाला तू?" दादा म्हणाले.