नेरळची दोन दिवसांची विश्रांती

माथेरानला जाणाऱ्या मुंबईकराच्या लेखी नेरळ म्हणजे एक फलाट. लोकलमधून उतरायचे, धावत जाऊन छोट्या गाडीच्या तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे आणि तिकीट मिळाले नाही की गावाला नावे ठेवायची. एवढाच काय तो त्या गावाशी परिचय. आमचा संबंध मात्र नात्याचा आहे. माझी मावशी तिथे उल्हास नदीच्या काठी एका कौलारू घरात एकटी राहते. वय वर्षे ऐंशी.

दिवाळीला पंधरा दिवस उरले असता शनिवारी सकाळच्या कर्जत लोकलने मी आणि ही असे दोघे निघालो. मुंबईहून नेरळ 86 किलोमीटर. दोन तासांचा प्रवास. शेजाऱ्यांना आम्ही सांगितले की, दोन दिवस विश्रांतीला जात आहोत. खरा हेतू निराळा होता. मावशीच्या मुलाने पुण्याहून मला वकीलपत्र दिले होते. "घर विकून टाकू आणि आईला इकडे आणू. तुझे ती ऐकेल." माझे ती पूर्वी कधी ऐकत होती, हे मला काही केल्या आठवेना.

"आलात? बरे झाले," मावशी दारातच म्हणाली. "शिडी मागच्या पडवीत आहे."

चहाच्या आधी शिडी! कोळिष्टके काढता काढता मी घराचा विषय काढला, तेव्हा तिने हिच्यापुढे तांब्याचा बंब आणि चिंचेचा गोळा ठेवला. जेवताना पुन्हा काढला, तेव्हा गोधड्या उन्हात टाकायची आठवण झाली. दुपारी तिसऱ्यांदा तोंड उघडले, तर हातात डांबराचा डबा आला. "होडी उलटी पडली आहे पावसाळाभर. फटी बुजव. उद्या नदीवर जायचे ना?" संध्याकाळी हिशेब केला, तर सात कामे झाली होती आणि वकिली जागच्या जागीच होती.

सातवे काम मात्र विसरण्यासारखे नव्हते. ओटीची भिंत धुताना जमिनीपासून दोन विती उंचीवर मातकट रेघ दिसली. मी ब्रश उचलला.

"ती राहू दे," मावशी म्हणाली. "एकोणीस सालची आहे."

26 जुलै 2019 ची ती रात्र वाचकांना आठवत असेल. उल्हास नदी फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारभर प्रवासी सुखरूप बाहेर काढले, ते साऱ्या देशाने घरबसल्या पाहिले. आम्हीही पाहिले आणि मावशीला फोन केला. "अंगणात आले होते थोडे," एवढेच ती म्हणाली होती. प्रत्यक्षात ती रात्रभर माळ्यावर बसून होती. जवळ कंदील, तांदळाचा डबा आणि देव. हे तिने सांगितले ते भिंतीकडे बघत, आमच्याकडे नव्हे. ही चिंचेचा हात तसाच घेऊन उभी राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता वकिली करायला मुद्दा मिळाला होता आणि ती करायची इच्छाच उरली नव्हती.

रविवारी सकाळी होडी पाण्यात लोटली. वल्ही शेजारच्या मुलाच्या हातात, पाणी उपसायला डबा माझ्या हातात, कारण माझे डांबरकाम शाळेतल्या माझ्या गणितासारखेच निघाले. मावशी मध्ये पदर खोचून बसली होती. पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि पेबचा किल्ला, दोन्ही काठांना पिवळी पडत चाललेली भाते.

"ही नदी उन्हाळ्यातही वाहते, ते कशाने ठाऊक आहे?" मावशीने विचारले. ठाऊक नव्हते. मग तिने सांगितले. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते. म्हणजे तिचे पाणी खरे तर भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवले आणि घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडले. 1922 सालापासून तिथे मुंबईसाठी वीज होते, आणि उतरलेले पाणी उल्हासेला मिळून अरबी समुद्राला जाते. वाटेत बदलापूर, कल्याणची तहान भागते, ती वेगळीच.

"तुम्ही मुंबईत दिवे लावता, त्याचे पाणी माझ्या दारावरून जाते," मावशी म्हणाली. "आणि त्याच विजेचे मनोरे भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने बेचाळीस साली पाडले." तिने पूर्वेच्या डोंगरांकडे बोट केले. तिकडेच सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

थोडा वेळ वल्ह्यांचाच आवाज होता. मग तीच म्हणाली, "पूर्वेचे पाणी पश्चिमेला वळवले, तेव्हा पाण्याला कुणी विचारले नाही. मला पुण्याला वळवायच्या आधी विचारा तरी!"

मी डबा खाली ठेवला. "मग विचारतो. मावशी, तुला इथे भीती नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "पावसाळ्यात वाटते. बाकीचे आठ महिने तिकडे बंद दाराआड बसायची वाटते."

एवढे सरळ उत्तर ऐकायची आमच्यापैकी कुणाला सवय नव्हती. कारण एवढा सरळ प्रश्नच कुणी केला नव्हता. होडीत पाणी चढू लागले, तेव्हा ही म्हणाली, "अहो, उपसा!"

तोडगा निघाला तो काठाला लागताना. तो माझा नव्हे, मावशीचाच. माथेरानची ही छोटी गाडी आदमजी पीरभाय यांच्या घराण्याने बांधली आणि 1907 साली सुरू झाली. 2019 च्या पावसात तिचा मार्ग वाहून गेला. नेरळहून माथेरानपर्यंत ती पुन्हा धावली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. एरवीही दर पावसाळ्यात नेरळहून वर घाटात जाणारी गाडी बंद ठेवतात आणि पाऊस सरला की सोडतात.

"तिला कुणी मोडीत काढत नाही ना?" मावशी म्हणाली. "मग मीही पावसाळ्याचे चार महिने पुण्याला. दसऱ्याच्या आत परत. घर विकायची गोष्ट माझ्यामागे."

संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. मुलगा बराच वेळ गप्प होता. ओटीवरच्या रेघेबद्दल सांगितले, तेव्हा म्हणाला, "मला का नाही बोलली?" मग म्हणाला, "दिवाळीला मीच येतो तिकडे."

हे कळताच मावशी उठली आणि शिडी पुन्हा मागच्या पडवीत ठेवून यायला तिने मला सांगितले.

"कोपऱ्यातली दोन कोळिष्टके तशीच राहू दे," ती म्हणाली. "तो येतोय ना, त्यालाही काही काम नको का?"