मोकळा माळ

चालून आलेल्या सिंहाला जिराफ एका लाथेने लोळवू शकतो. तसले आयुध आमच्या नाशिक जिल्ह्यातील काळविटापाशी नाही, कारण नराची पीळदार शिंगे प्रायः दुसऱ्या नराशी झुंजण्याच्या कामी येतात आणि मादीला बहुधा तीही नसतात. तरीही हा प्राणी कशाच्या बळावर तगला, हे येवला तालुक्यातील राजापूर-ममदापूरच्या माळावर, 2014 साली काळविटांकरिता राखीव झालेल्या सुमारे 54 चौरस किलोमीटरांच्या त्या अवर्षणग्रस्त मुलखात, मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

हिवाळ्यातील सकाळ होती. वाळल्या कुसळी गवतात कळप चरत असता दूरच्या बांधाआडून गावठी कुत्री पुढे सरकली. ती माझ्या दृष्टीस पडण्यापूर्वीच कडेच्या एका मादीने मान ताठ केली, चारही खूर उचलून सरळ वर उडी घेतली, आणि तिच्यामागून एकेक करीत सबंध कळप उसळत गेला, तो थोड्याच अंतरावर उड्या सोडून जमिनीसरसा धावू लागला. हा वेग ताशी 80 किलोमीटरांपर्यंत जातो. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे, तेव्हा सुरुवातीच्या झेपेत सावज हाती लागले नाही तर चित्ता पाठलाग सोडून देई. तो चित्ता देशातून नामशेष झाल्याचे 1952 साली जाहीर झाले.

पाडसाची रीत निराळी. "साहेब, त्या झुडपाच्या डाव्या अंगाला बघा," असे वनरक्षकांनी दोनदा सांगितले, तेव्हा कोठे मला मातीच्या रंगाचा एक कान दिसला. त्यावर माशी बसली होती, तरी तो हलला नाही.

परंतु या साऱ्या विद्येला मोकळी जमीन आणि दूरवर पोचणारी नजर लागते. उन्हाळ्यात पाणवठे आटले म्हणजे हीच जनावरे तहानेने वस्त्यांकडे येतात, तेथे कुत्री त्यांना तारेच्या कुंपणाशी कोंडतात, आणि जिवाच्या आकांताने पळताना काही कठडा नसलेल्या विहिरींत पडतात. वनखाते टँकरने पाणवठे भरते, ते अगत्याचेच आहे; पण माझ्या मते शिवारातील प्रत्येक उघड्या विहिरीची नोंद तलाठ्याच्या दप्तरी व्हावी, तिच्याभोवती लांबून दिसेल असा पक्का कठडा उभा राहावा, आणि तो खर्च आधीच दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्याच्या माथी न मारता सरकारी तिजोरीतून व्हावा.